किती सायकली, आणि केव्हा?

शाळेचे वेळापत्रक आखताना एक शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांवर जाऊ शकत नाही, एवढे पथ्य पाळतानाही दमछाक होते. कारखान्यात आणखी एक अडचण असते. माल किती खपेल हे नक्की ठाऊक नसते, पण सुटे भाग मात्र आधीच मागवावे लागतात. हे कोडे संगणक कसे सोडवतो, ते आपण एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

चार आठवड्यांचा हिशेब

एका कारखान्यात २० सायकली शिल्लक आहेत. दर आठवड्याला ३० खपतील असा अंदाज आहे. एका खेपेत ६० सायकली तयार होतात. दुकानदारांच्या पक्क्या मागण्या चार आठवड्यांसाठी अनुक्रमे ३५, २०, १० आणि ५ आहेत. नियम असा : अंदाज व पक्की मागणी यांतील मोठा आकडा शिल्लकेतून वजा करावा; उत्तर ऋण आल्यास त्या आठवड्यात एक खेप घ्यावी.

आठवडा १ : २० − ३५ + ६० = ४५
आठवडा २ : ४५ − ३० = १५
आठवडा ३ : १५ − ३० + ६० = ४५
आठवडा ४ : ४५ − ३० = १५

म्हणजे खेपा पहिल्या व तिसऱ्या आठवड्यात. हेच मुख्य उत्पादन वेळापत्रक.

शब्द किती द्यावा?

आता एक नवा दुकानदार दुसऱ्या आठवड्यासाठी ३० सायकली मागतो. तिसऱ्या आठवड्याच्या खेपेपर्यंत आपल्याजवळ २० + ६० = ८० सायकली आहेत. त्यांतील ३५ + २० = ५५ आधीच कबूल केल्या आहेत. उरल्या २५. येथे अंदाज वजा केलेला नाही, कारण अंदाज म्हणजे दिलेला शब्द नव्हे. तेव्हा २५ सायकली दुसऱ्या आठवड्यात आणि ५ तिसऱ्या आठवड्यात, हे प्रामाणिक उत्तर झाले.

सायकलीपासून आऱ्यांपर्यंत

जुन्या पद्धतीच्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ व मागच्या चाकात ४० आरे असतात. ६० सायकलींना ७२ × ६० = ४,३२० आरे लागतील. यात अंदाजाचे काहीच कारण नाही. सायकलींची मागणी स्वतंत्र, तर आऱ्यांची मागणी तिच्यावर अवलंबून, हा फरक जोसेफ ऑर्लिकी यांनी ठळकपणे मांडला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील ट्रॅक्टर बनवणाऱ्या जे. आय. केस कंपनीत त्यांनी या विचारावर आधारलेली पद्धत राबवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका ट्रॅक्टरचे असंख्य भाग. प्रत्येकाचा असा हिशेब हाताने करणे जिकिरीचे. तेथे संगणक उपयोगी पडला.

रिमा पोहोचायला दोन आठवडे लागत असतील, तर तिसऱ्या आठवड्याच्या खेपेसाठी त्या पहिल्याच आठवड्यात मागवायला हव्यात. म्हणून नजीकच्या आठवड्यांचे वेळापत्रक सहसा गोठवून ठेवतात. ऐनवेळी ते बदलले, तर कोठे रिमा कमी पडतात आणि कोठे आरे पडून राहतात. कामगारांवर जादा पाळीची वेळ येते ती वेगळीच.

संगणकाला काय कळत नाही?

वजाबाकीत संगणक चुकणार नाही. परंतु दिलेला आकडा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. समजा, नोंदवहीत २० सायकली असून गोदामात प्रत्यक्षात १० च निघाल्या. मग ७० − ५५ = १५ एवढ्याच सायकली देता येतील. आपण तर २५ चा शब्द देऊन बसलो आहोत! दहा सायकलींची ही तूट कोणताही संगणक भरून काढणार नाही. अशा कारखान्यात गोदामात जाऊन माल मोजणाऱ्याचे काम संगणक चालवणाऱ्याइतकेच मोलाचे ठरते.

हा तक्ता विद्यार्थ्यांना चौकटीच्या कागदावर करायला द्यावा. खेप ६० ऐवजी ४० ची केली तर कोणत्या आठवड्यांत उत्पादन करावे लागेल, हे त्यांनाच शोधू द्यावे.