गोंदियाच्या बाई

सकाळी ७.००
केडगावची भाड्याची खोली, महिन्याला ३,५०० रुपये. कुकरला भात. बाईंना ज्वारीची भाकरी अजून थापता येत नाही. घरमालकीण रोज एक आणून देते आणि रोज काहीतरी विचारते. आल्या आल्याच विचारलं होतं, "आडनावावरनं कळंना. तुमी कुठल्यातल्या?" बाई म्हणाल्या, "गोंदियाच्या." मालकीण नुसती हसली. तिला गाव नको होतं.

८.४५
वडाप. तीस रुपये. तिघींच्या जागेत पाच जणी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण एसटी यायला हवी. बाई शिक्षणसेवक; तीन वर्षं महिना १६,०००. २०२३ च्या आधी ६,००० मिळायचे. पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड संपतो, शिरूर लागतो. दोन्हीकडं ऊसच.

१०.३०
परिपाठ. "गप्पा काऊन करून राहिले रे?" मागची रांग लगेच "काऊन, काऊन!" करते, कावळ्यांची शाळा भरल्यागत. बाईही हसतात. हे त्या सोडून देतात.

११.००
हजेरी. बीडहून आलेल्या मुलीचं नाव घेतलं की वर्ग ओरडतो, "कोयता!" ती मुकाट "हजर" म्हणते. कडेवर भाऊ. आईबाप पहाटेपासून फडात; तोडीचे टनाला ३६६ रुपये, दोघांत मिळून. गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलंय.
बाई हजेरीपट मिटतात. पुन्हा उघडतात. पहिल्या नंबरापासून परत सुरू. पुन्हा कुणी ओरडलं, पुन्हा पहिल्यापासून. गणिताचा अर्धा तास गेला. चौथ्यांदा मुलीच्या नावाला कुणी काही म्हटलं नाही. कंटाळून असेल.

दुपारी १.१५
खिचडी. रांधणाऱ्या मावशींना महिन्याला २,५०० मानधन. धूर डोळ्यांत, हात डावावर. सोबतचे गुरुजी विचारतात, "मॅडम, तुमच्याकडं नक्षलवादी खरंच फिरत्यात का?"
"तुमच्या उसात बिबटे फिरतात तसे."

२.४०
पेन्सिल हरवली. "पारध्यानंच घेतली आसंल." पोरगं सहज बोललं, घरी ऐकलेलं. पारध्यांसारख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजी कायदा १९५२ साली रद्द झाला. बाईंचा आवाज पहिल्यांदा चढतो. "बघितलं का तू?" नाही. "मग आधी तुझं दप्तर झाड." दप्तर झाडलं. पेन्सिल तिथंही नाही. ज्याचं नाव घेतलं तो खिडकीबाहेर बघत बसलाय. बाई पर्समधली आपली पेन्सिल देतात आणि पाढे पुढं चालू करतात. तास संपेपर्यंत त्या खिडकीकडच्या मुलाच्याच बाकाशी उभ्या.

संध्याकाळी ६.१०
केडगावात स्टेशनरीचं दुकान. पेन्सिलींचा पुडा, ४८ रुपये. बिल नको, पैसे काही परत मिळायचे नाहीत.
"हिंदीवाल्या का तुमी?"
"गोंदियाच्या."
"म्हंजी एमपी?"
"महाराष्ट्र. महाराष्ट्र एक्स्प्रेस तिथूनच सुटते. दौंडला थांबते ना, तीच."
"आसं व्हय," म्हणत दुकानदार पन्नासची नोट घेतो. दोन रुपये सुटे नाहीत. दोन गोळ्या देतो.