राखीव खेळाडूचा सब्र

यंदा फाल्गुन आणि रमजान जवळजवळ बरोबरच सुरू झाले. अमावास्या सरली, चंद्रकोर दिसली. एका घरात फाल्गुन लागला आणि शेजारच्या घरात पहिल्या सहेरीची तयारी झाली. रोजे चालू असतानाच होळी पेटली. गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि चंद्र दिसला की त्याच्या पाठोपाठ ईद. मावळात भाताची खाचरे कापणीनंतर कोरडी पडलेली असतात. तिकोणा पेठ असो की पवनेकाठचे दुसरे एखादे गाव, मुलांना या दिवसांत खेळायला मोकळी जागा मिळते. एरवी तिथे क्रिकेटचेच राज्य. पण दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की चेंडू पायाशी येतो. यंदा ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ४८ देशांचे संघ उतरणार आहेत.

स्पर्धा जूनमध्ये असली, तरी खेळाडूंची खरी धाकधूक आत्ताच सुरू आहे. मार्चअखेरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर प्रशिक्षकांची नजर आहे. त्यानंतर याद्यांचे चित्र बरेचसे स्पष्ट होते. मोरोक्को, सेनेगल, इजिप्त, अल्जीरिया, ट्युनिशिया, सौदी अरेबिया, तसेच प्रथमच पात्र ठरलेले जॉर्डन आणि उझबेकिस्तान, या संघांतल्या कितीतरी खेळाडूंसाठी रोजे आणि निवडीची परीक्षा एकाच महिन्यात आली आहे.

यादी जाहीर झाली की चर्चा होते ती पहिल्या अकरा नावांची, आणि ज्यांना वगळले त्यांची. या दोन्हींच्या मधे असलेल्या राखीव खेळाडूंकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. सराव सर्वांइतकाच करायचा, पथ्य सर्वांइतकेच पाळायचे आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचे. त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या गोलरक्षकाची गत सर्वांत अवघड. पुढच्या फळीतल्या राखीव खेळाडूला शेवटची दहा मिनिटे तरी मिळण्याची आशा असते. गोलरक्षक सहसा बदलला जात नाही.

भारतीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या दिवशीही हेच नाट्य घडले होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९५० पासून ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मुंबईचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. तो संघ चौथा आला. त्या संघात बद्रू बॅनर्जी कर्णधार, पी. के. बॅनर्जी, नूर मोहम्मद आणि अहमद हुसेनही होते. कोण कुठल्या घरातला, यापेक्षा कोण कुठल्या जागी उपयोगाचा, हा रहीमसाहेबांचा हिशेब होता.

सहा वर्षांनी जकार्तात आशियाई स्पर्धा झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी पडले आणि प्रद्योत बर्मन गोलपोस्टसमोर उभे राहिले. भारताने थायलंड आणि जपानला नमवले, उपान्त्य फेरीत दक्षिण व्हिएतनामलाही हरवले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला इजा होऊन टाके पडले. अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया.

४ सप्टेंबर १९६२. रहीमसाहेबांपुढे दोन निर्णय होते. जर्नैल सिंग यांना त्यांनी उपान्त्य सामन्याप्रमाणेच बचावातून काढून थेट आक्रमणात ठेवले. दुसरा निर्णय अधिक कठीण होता. कोरियाचे खेळाडू उंच चेंडूंवर भर देत. त्यासाठी उंचापुरे थंगराज हवेत, असे रहीमसाहेबांनी ठरवले. संघाला अंतिम फेरीपर्यंत आणणारे बर्मन त्या दिवशी बाहेर बसले.

पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांनी एकेक गोल केला. कोरियाने शेवटी एक फेडला. प्रेक्षागृह भारताच्या विरोधात गर्जत होते, आणि त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू भारताला प्रोत्साहन देत होते. भारत २-१ ने जिंकला. पुरुष फुटबॉलमधले आशियाई स्पर्धेचे ते आपले आजवरचे शेवटचे सुवर्ण. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ च्या ईदला आला, तेव्हा त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले. बर्मन यांचे नाव त्या मानाने कमी जणांना ठाऊक आहे. पण मधले तीन विजय वजा केले, तर अंतिम सामनाच उरत नाही.

बाकावरच्या माणसाची किंमत किती, हे २०१८ मध्ये ट्युनिशियाने पुन्हा अनुभवले. त्या वर्षी रशियातला विश्वचषक १४ जूनला सुरू झाला आणि ईदही त्याच सुमारास आली. म्हणजे अंतिम २३ जणांची यादी देण्याची ४ जूनची मुदत भर रोज्यांत होती. सराव सामन्यांत सूर्यास्त झाला की गोलरक्षक मुएझ हसन दुखापत झाल्यासारखा मैदानावर आडवा होई. खेळ थांबे. तेवढ्यात बाकीचे खेळाडू कडेला जाऊन खजूर आणि पाण्यावर रोजा सोडत. पोर्तुगाल आणि तुर्कस्तान या दोघांशीही ट्युनिशियाने २-२ अशी बरोबरी साधली. जगभर या युक्तीचे कौतुक झाले.

प्रत्यक्ष विश्वचषकात मात्र इंग्लंडविरुद्ध पंधराव्या मिनिटाच्या सुमारास हसनच्या खांद्याला खरोखरच इजा झाली. त्याच्या जागी फारूक बेन मुस्तफा आला. तिसऱ्या सामन्याआधी सरावात तोही जखमी झाला. उरला तो तिसरा गोलरक्षक, तिशी ओलांडलेला आयमेन मथलूथी. पनामाविरुद्ध तोच गोलपोस्टसमोर उभा राहिला आणि ट्युनिशिया २-१ ने जिंकला. १९७८ नंतरचा विश्वचषकातला त्यांचा तो पहिला विजय.

यादी अपुरी पडली की काय होते, हे आपल्याच दारात घडले आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई चषक स्पर्धा महाराष्ट्रात भरली. त्या स्पर्धेचे काही सामने मावळातून तास-दीड तासावरच्या बालेवाडीत झाले. भारताच्या मुली नवी मुंबईत खेळत होत्या. २३ जणींची निवड झाली होती आणि पुढच्या विश्वचषकाचे दार समोर होते. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना होता, पण संघात करोना शिरला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत. यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या मुलींचा त्यात काय दोष होता?

रोज्याचा सब्र म्हणतात तो असाच. भूक-तहान हा त्याचा वरचा भाग. बंद खोलीत कोणी पाणी प्यायले, तर कोणाला कळणार आहे? रोजेदार पीत नाही, कारण त्याचा हिशेब लोकांशी नसतो. ज्याचे नाव उद्याच्या अकरांत नाही हे ठाऊक असूनही जो आजच्या सरावात शेवटची धाव पूर्ण करतो, त्याचा हिशेबही टाळ्यांशी नसतो. फळ मिळेलच असे सब्र सांगत नाही. आपल्या वाट्याचे काम सोडू नये, एवढेच सांगतो.

रोजा ठेवून खेळावे की नाही, यावर मुस्लिमांत एकच मत नाही. आजारी आणि प्रवासी माणसाला कुरआनने सूट दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. जर्मनीत एका क्लबने न सांगता रोजा ठेवणाऱ्या खेळाडूंना समज दिली, तेव्हा वाद झाला. २०१० मध्ये तिथल्या मुस्लिम परिषदेने कैरोच्या अल-अझहरचे मत घेतले. खेळावरच ज्याचे पोट आहे, त्याने सामन्यांच्या काळात रोजा न ठेवता तो नंतर भरून काढला तरी चालेल, असे ते मत होते. मात्र कोणी रोजा ठेवायचा, हा निर्णय शेवटी ज्याचा त्याचा.

हा प्रश्न परदेशी क्लबांपुरता नाही. मावळात संध्याकाळचा सराव पाचला सुरू होतो आणि इफ्तार पावणेसातच्या सुमारास असतो. निवड चाचणी त्याच दोन तासांत आली, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने काय करावे? त्याने प्रशिक्षकांना मोकळेपणाने सांगावे. प्रशिक्षकांनीही विचारल्याशिवाय त्याला वगळू नये. धावण्याची चाचणी सकाळी घेतली किंवा इफ्तारनंतर ठेवली, तर कोणाचेच नुकसान होत नाही.

वाट अवघड आहे, बंद नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुंबईच्या मैदानांवर खेळून तिथेच प्रशिक्षक झालेले खालिद जमील यांची ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. राष्ट्रीय संघाची यादी करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

शाळेच्या, गावाच्या, तालुक्याच्या संघाची यादीही अशीच लागते. तीत नाव नसलेली मुले नेहमी नाव असलेल्यांपेक्षा जास्त असतात. त्या संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला ‘तुझ्यात काय कमी पडले’ असे विचारण्याआधी ताटावर बसवावे, रोजेदार असेल तर हातात खजूर द्यावा. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो पुन्हा मैदानावर गेला, तर तिसरा गोलरक्षक तयार होतो आहे, असे खुशाल समजावे.