"कधी लागलं, कळलंच नाही"

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास संत मन्मथ स्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला दिंड्या येतात, तेव्हा जवळच्या मांजरसुंब्याचा चौक पायी माणसांनी भरून जातो. कुणी नवस म्हणून अनवाणी आलेलं असतं. मुक्कामाला पाय धुताना एखाद्याच्या टाचेत मोडलेला काटा सापडतो. शुगर नसलेला माणूस काटा रुतताक्षणीच खाली बसला असता. दहा-बारा वर्षांची शुगर असलेला म्हणतो, "कधी लागलं, कळलंच नाही." मधुमेहात पाय कापावा लागतो, त्यातल्या 100 पैकी साधारण 85 वेळा सुरुवात अशाच एखाद्या जखमेपासून झालेली असते.

हे घडतं कसं? वर्षानुवर्षं वाढलेली साखर नसा खराब करते आणि त्यात सगळ्यात लांब नसा आधी जातात. म्हणून मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा हे सगळं बोटांच्या टोकांपासून आणि बहुधा दोन्ही पायांत सुरू होतं. मुंग्या थांबल्या की लोकांना बरं वाटतं. कधी कधी मात्र मुंग्या थांबण्याचा अर्थ एवढाच असतो की नसेने काम सोडलं. घाम आणणाऱ्या नसाही बिघडतात, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. पंजाचे बारीक स्नायू अशक्त होऊन बोटं वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्याच्या एकाच ठिकाणी पडू लागतो. तिथे घट्टा धरतो. हा घट्टा बुटात अडकलेल्या खड्यासारखा आतून टोचत राहतो. खाली रक्त साकळतं, मांस मरतं आणि वरून मात्र नुसती जाड कातडी दिसते.

दुखलं असतं तर माणूस लंगडला असता, आणि लंगडण्यानेच जखमेला विश्रांती मिळाली असती. इथे तो त्याच जखमेवर पूर्ण वजन देऊन शेतात जाऊन येतो. त्यातच बिडी-तंबाखूने आणि साखरेने रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, तर औषध जखमेपर्यंत नीट पोचत नाही. मग पू हाडात उतरतो.

बधिरपणा आहे का, हे घरीच कळू शकतं. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असं धरून दवाखान्यात दाखवा. तिथे 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून हीच तपासणी नीट करतात, आणि पावलावरची व घोट्यामागची नाडी बघतात. सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा हे व्हायला हवं. पाय बधिर असेल तर त्याहून लवकर लवकर.

जखम झालेलीच असेल तर ड्रेसिंग, साखर आणि अँटिबायोटिक यांच्याइतकंच महत्त्वाचं आहे त्या जागेवरचा भार काढणं. ही समज आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामातून पक्की झाली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940-50च्या दशकांत दाखवलं की रुग्णांची बोटं झडतात ती बरीचशी न कळलेल्या इजांमुळे. भार सगळ्या पावलावर वाटून टाकणारं प्लास्टर आणि एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची मऊ चप्पल कुष्ठरुग्णांसाठी वापरात आली, ती आज मधुमेहाच्या पायालाही उपयोगी पडते. महागडं मलम आणून त्याच चपलेत चालत राहण्यापेक्षा हे प्लास्टर कितीतरी अधिक काम करतं. मात्र जोरात पू झालेला असेल किंवा रक्तपुरवठा फारच कमी असेल, तर ते चालत नाही.

अडचण पुढेच आहे. मुकादमाकडून उचल घेऊन बसलेल्या ऊसतोड मजुराला "दीड महिना पाय टेकू नका" हे सांगायला सोपं, ऐकायला अशक्य. त्याच्या बाबतीत खरा उपाय टोळी निघायच्या आधीच होतो: पाय तपासून घेणं, काही महिन्यांच्या गोळ्या बरोबर घेणं आणि अंगठ्याची चप्पल सोडून मागे पट्टा असलेला बंद सँडल किंवा बूट वापरणं. ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना विकत घ्यावेत. घालण्याआधी रोज उलटे करून झटकावेत. उसाच्या खोडक्या आणि चिखल यांत अनवाणी पाऊल नको. रात्री कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, दुसऱ्या कुणीतरी बॅटरी धरून तळवे आणि बोटांमधल्या चिखल्या बघाव्यात.

भेगांना, कुरपांना बिब्बा घालायची आपली जुनी सवय इथे घातक आहे. बिब्ब्याने भाजतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. ब्लेडने घट्टा कापणं, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, विटेचा शेक देणं यांतही तोच धोका.

पाय लाल, गरम, सुजलेला; पू, वास, काळा डाग, ताप: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. जखम नसताना एकच पाय गरम होऊन सुजला असेल तर आतली हाडं ढासळत असू शकतात, चोळू नका.

आणि "पाय काढावा लागेल" असं कुणी सांगितलंच, तर विचारा: रक्तपुरवठा तपासला का, बंद वाहिनी उघडता येईल का? मधुमेहात वाहिन्या कडक झाल्याने घोट्याजवळचा रक्तदाब खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून पायाच्या बोटाचा रक्तदाब किंवा रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणीही पाहावी लागते. पण विष अंगात पसरू लागलं असेल, तर वेळेत काढलेलं एक बोट उरलेलं पाऊल वाचवू शकतं, आणि तेव्हा थांबणं जिवावर बेततं.