सात नंबरची बाटली

सकाळी 6:15. कामशेतला लोकलमधून उतरलो. पुढे टेकाडाखाली आमचं पेंटबॉलचं मैदान. आज रविवार, म्हणजे हिंजवडीची पोरं दहाच्या ठोक्याला हजर होणार. काल रात्री सात नंबरच्या बाटलीचा रेग्युलेटर उघडून सगळ्या ओ-रिंग बदलल्या, पण भरून बघण्याआधीच शेवटच्या गाडीची वेळ झाली. रात्रभर तेच डोक्यात.

6:40. भोसरीत एकवीस वर्षं फिटर होतो. तिथे हवेचा दाब सहा-सात बार म्हणजे डोक्यावरून पाणी. इथे बाटलीत 3000 पीएसआय, दोनशे बारच्या वर. मोटारसायकलच्या चाकात तीसेक असते, त्यावरून अंदाज घ्या. ती हवा आठशेच्या आसपास उतरवून गनला द्यायची, एवढंच रेग्युलेटरचं काम. नवा बांधलेला रेग्युलेटर मी कधी एकदम पूर्ण दाबाला नेत नाही. पाचशेला थांबलो, आणि सुस्स...

हवा येत होती ती रेग्युलेटरच्या अंगावरच्या बारीक भोकातून. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पिस्टनची ओ-रिंग गळली की हवा तिथून बाहेर पडते आणि दुखणं कुठे आहे ते सांगते.

7:05. बाटली रिकामी केली. काटा शून्यावर आला तरी पिन दाबून खात्री केली, मगच पाना लावला. ओ-रिंगला नखाएवढी चीर. बसवताना आट्याच्या धारेवर घासली असणार. सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवून नवी बसवली. पातळ हात, बरं का. साधं तेल तर इथे आणूच नये. एवढ्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

8:10. पुन्हा भरली. साबणाच्या पाण्याचा एक बुडबुडा नाही. थोड्या वेळाने मदतीचा पोरगा ओरडला, "काका, काटा उतरतोय!" तीन हजारावरून अठ्ठावीसशेवर आला होता. "गळत नाही रे, गार होतेय." भरताना बाटली तापते, निवली की दाब उतरतो. दर नव्या पोराला हे एकदा सांगावं लागतंच.

9:20. वेगमापकासमोर गन धरली. आमच्याकडे मर्यादा सेकंदाला 280 फुटांची, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. पहिला बॉल 312. मग 281, 279, 280. दोन मिनिटं थांबून पुन्हा मारला, तर पहिला 309.

पोरगा म्हणाला, "पहिलाच तर जास्त आहे काका, बाकीचे बरोबर आहेत की." अरे, पण समोरच्याला लागतो तो पहिलाच! झुडपामागे पाच मिनिटं दबा धरून बसलेला माणूस उठतो आणि एकच मारतो. महागड्या गनला स्वतःचा रेग्युलेटर असतो, तो असलं पाप झाकून घेतो. भाड्याच्या साध्या गनला तो नसतो. बाटलीला लाल चिकटपट्टी लावून ती कपाटात टाकली.

10 ते 2. तीन गट. "भैया, गन जाम झाली" सतरा वेळा. मास्क वर करणाऱ्यांवर ओरडून घसा बसला.

2:30. भाकरी खाऊन बाटलीला तपासणीचा गेज जोडला. 810. मग 840. पाच मिनिटांत 930, आणि आवाज काहीच नाही. सकाळच्या सुस्सपेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

आत स्प्रिंग पिस्टनला मागे रेटते, त्यामुळे बाटलीकडचं सुईएवढं छिद्र उघडतं. पलीकडे दाब पुरेसा झाला की तोच दाब पिस्टनला पुढे ढकलतो आणि टोकाची छोटी नायलॉनची चकती छिद्रावर बसते. चकती नीट बसली नाही तर हवा झिरपतच राहते. खेळ चालू असताना ती खर्च होते म्हणून कळत नाही. गन शांत ठेवली की साचते आणि पहिल्या बॉलमागे सगळी एकदम येते.

3:15. पुन्हा रिकामी, पुन्हा पिन, पुन्हा पाना. चकती भिंगाखाली धरली आणि स्वतःचाच राग आला. तिच्यावर एक पांढरा तंतू दाबून बसलेला, खाली त्याचा वळ. कॉटन वेस्टचा तंतू! भोसरीत हात पुसायला, पार्ट पुसायला, सगळ्याला वेस्ट. एकवीस वर्षांची सवय. काल रात्रीही पिस्टन त्यानेच पुसला. तंतू काढून भागलं नसतं, वळ राहतोच. चकती नवी टाकली आणि आतला भाग चष्म्याच्या फडक्याने पुसला.

4:30. भरली, गार होऊ दिली, गेज लावला. 820.

6:00. शेवटचा गट गेला. काटा 820 वरच. वेगमापकासमोर पहिला बॉल 279. दहा मिनिटं थांबून पुन्हा, 280. लाल पट्टी काढली. निघताना कॉटन वेस्टची पिशवी उचलून जनरेटरच्या खोलीत नेऊन ठेवली.