फिरणं, शॉपिंग, खाणं सगळं एका जागी! पण हाँगकाँगच्या त्सिम शा त्सुईमधली सगळ्यात भारी गोष्ट इतकी स्वस्त कशी?

हाँगकाँगला जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाईल बघा, एक फोटो हमखास सापडतो. समोर समुद्र, पलीकडे काचेच्या उंच इमारतींची रांग आणि त्यांच्या मागे हिरवा डोंगर. हा फोटो जिथून काढला जातो ती जागा म्हणजे त्सिम शा त्सुई. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून इंग्रजीत बोलताना लोक सरळ ‘टीएसटी’ म्हणतात.

आधी नकाशा समजून घेऊ. दक्षिणेला हाँगकाँग बेट, उत्तरेला कौलून द्वीपकल्प आणि दोघांच्या मधे व्हिक्टोरिया हार्बर नावाचं बंदर. कौलूनचं जे टोक या बंदरात घुसलंय, ते त्सिम शा त्सुई. बँका, मोठी ऑफिसं, गगनचुंबी इमारती बेटावर. पण त्या बघायच्या असतील तर उभं राहायचं कौलूनच्या बाजूला.

हे टोक पायी फिरायला अर्धा दिवस पुरतो. तेवढ्यात 1928 सालचं आलिशान हॉटेल, चारशेहून जास्त दुकानांचा मॉल, संगमरवरी मशीद, ब्रूस लीचा पुतळा आणि समोसे-बिर्याणीची दुकानं असं सगळं लागतं. जगातल्या सगळ्यात महाग जमिनींपैकी ही एक. तरीही इथलं मुख्य आकर्षण, म्हणजे समोरचं बंदर, बघायला तिकीट नाही. बंदर ओलांडायचं असेल तर 2023 च्या दरवाढीनंतरही सोमवार ते शुक्रवार बोटीच्या वरच्या डेकचं भाडं 5 हाँगकाँग डॉलर, म्हणजे साधारण पन्नास-साठ रुपये.

हे आपोआप झालेलं नाही. या किनाऱ्यापायी उपोषण झालंय, दंगल झालीय, कोर्टकचेऱ्या झाल्यात. आणि गोष्टीची सुरुवात होते मुंबईहून गेलेल्या एका पारशी माणसापासून.

बोट सुरू केली दोराबजींनी

दोराबजी नवरोजी मिठाईवाला हे 1852 च्या सुमारास मुंबईहून निघालेल्या जहाजात लपून हाँगकाँगला पोहोचले, असं सांगितलं जातं. स्वयंपाक्याचं काम, मग बेकरी, मग हॉटेलं असा त्यांचा प्रवास झाला. बेटावरच्या हॉटेलासाठी लागणारा माल कौलूनहून आणायचा तर बोट हवी, आणि बोट आहेच तर तिच्यात माणसंही बसवता येतात. 1888 मध्ये त्यांनी कौलून फेरी कंपनी काढली. बोटींची नावं मॉर्निंग स्टार, इव्हनिंग स्टार, रायझिंग स्टार, गायडिंग स्टार. म्हणून 1898 मध्ये कंपनी विकली गेल्यावर तिचं नाव पडलं ‘स्टार फेरी’.

विकत घेणारे होते कोलकात्यात जन्मलेले आर्मेनियन उद्योगपती पॉल चेटर. कौलूनच्या किनाऱ्यावर धक्के आणि गोदामं चालवणारी कंपनी त्यांचीच. चेटर यांचे धंद्यातले भागीदार होरमसजी नवरोजी मोदी, हेही मुंबईचे पारशी. हाँगकाँग विद्यापीठाची इमारत उभारायला मोठी देणगी देणारे मोदी ते हेच. त्सिम शा त्सुईतल्या मोदी रोडला नाव त्यांचं आहे. (2014 नंतर तिथे गेलेल्या भारतीय पर्यटकांचा रस्त्याची पाटी बघून जो गैरसमज होतो, तो व्हायला नको.)

बोट आजही जवळपास तशीच आहे. वर पांढरी, खाली हिरवी, दोन डेकची. ती वळत नाही. दोन्ही टोकं सारखीच असल्यामुळे आली तशी उलट जाते. त्यामुळे लाकडी बाकांच्या पाठी पुढे-मागे ढकलता येतात, ज्या दिशेला जायचं तिकडे तोंड करून बसायचं. धक्क्याला लागताना निळ्या गणवेशातला खलाशी लांब काठीच्या आकड्याने दोर ओढून घेतो. आठ-दहा मिनिटांचा प्रवास. त्सिम शा त्सुईत फक्त एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ती ही.

पाच सेंटसाठी पेटलेलं शहर

1972 मध्ये बंदराखालून बोगदा झाला आणि 1980 मध्ये मेट्रो पलीकडे गेली. त्याआधी बंदर ओलांडायला बोटीशिवाय पर्याय नव्हता. त्यामुळे फेरीचं भाडं हा घराघरातला विषय होता. 1965 च्या शेवटी कंपनीने पहिल्या वर्गाचं भाडं 20 सेंटवरून 25 सेंट करायची परवानगी मागितली. वाढ फक्त 5 सेंट, तीही वरच्या वर्गाची. पण एक भाडं वाढलं की बाकी सगळं महागतं, हे लोकांना कळत होतं. नगरसेविका एल्सी एलियट यांनी विरोधात वीस हजारांवर सह्या गोळा केल्या.

4 एप्रिल 1966 ला सो साऊ-चुंग नावाचा तरुण जॅकेटवर घोषणा लिहून बेटाच्या बाजूच्या फेरी धक्क्यावर उपोषणाला बसला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला उचललं. पुढच्या रात्रींमध्ये कौलूनमध्ये दगडफेक, जाळपोळ, संचारबंदी. आज जिथे पर्यटक सेल्फी काढतात त्या नेथन रोडवर दंगेखोर आणि पोलीस समोरासमोर होते. एकाचा जीव गेला, हजाराहून जास्त लोकांना अटक झाली. पहिल्या वर्गाची भाडेवाढ तरीही झालीच. पण इंग्रज सरकारला कळून चुकलं की लोकांना न विचारता कारभार रेटला तर काय होतं. हाँगकाँगचे अभ्यासक तिथल्या सामाजिक बदलांची गोष्ट बऱ्याचदा इथून सुरू करतात.

किनाऱ्यावर काय बघायचं?

फेरीतून उतरलं की समोर 44 मीटर उंच लाल विटांचा घड्याळाचा टॉवर दिसतो. 1915 सालचा. कौलून-कँटन रेल्वेचं शेवटचं स्टेशन इथे होतं. रेल्वेने चीनमार्गे थेट युरोपपर्यंत जोडलं जायची स्वप्नं तेव्हा होती, आणि समोरचं पेनिन्सुला हॉटेल अशाच प्रवाशांसाठी बांधलं गेलं. 25 डिसेंबर 1941 ला, ऐन नाताळात, इंग्रज गव्हर्नरने जपानपुढे शरणागती पत्करली ती याच हॉटेलात. 1975 मध्ये स्टेशन हलवलं आणि नंतर ते पाडायचं ठरलं. वारसाप्रेमींनी आरडाओरडा केला. स्टेशन गेलं, टॉवर तेवढा वाचला.

स्टेशनच्या जागेवर 1989 मध्ये सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं आणि तिथे वास्तुरचनेतला एक अजब निर्णय बघायला मिळतो. जगातल्या सर्वोत्तम दृश्यांपैकी एक समोर असताना या इमारतीला बंदराच्या बाजूने खिडक्याच नाहीत. नुसत्या टाइल्स लावलेल्या भिंती. इतक्या वर्षांनंतरही लोक त्यावरून चेष्टा करतात आणि ते बरोबरच आहे.

तिथून पूर्वेकडे किनाऱ्याने चालत गेलं की ‘अव्हेन्यू ऑफ स्टार्स’ लागतो. हाँगकाँगच्या सिनेमावाल्यांच्या हातांचे ठसे, ब्रूस लीचा ब्राँझचा पुतळा. संध्याकाळी आठला समोरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो, 2004 पासून. फुकट आहे म्हणून बघावा, पण त्यासाठी एक तास आधी जागा अडवून बसण्याइतका तो भारी नाही. अंधार पडताना एकेक इमारत उजळते, ते दृश्य जास्त चांगलं दिसतं.

शॉपिंगचं गणित

हाँगकाँगमध्ये आपल्यासारखा जीएसटी नाही. पाटीवरची किंमत हीच शेवटची किंमत. म्हणून घड्याळं, कॅमेरे, परफ्यूम, ब्रँडेड वस्तू घ्यायला लोक इथे येत आले. फेरीच्या धक्क्याला लागूनच हार्बर सिटी हा अजस्र मॉल आहे. चेटर यांच्या कंपनीची गोदामं जिथे होती, तिथेच तो उभा आहे. 1966 मध्ये, म्हणजे दंगलीच्याच वर्षी, इथे मोठ्या प्रवासी जहाजांसाठी ओशन टर्मिनल सुरू झालं आणि जहाजातून उतरलेला प्रवासी थेट दुकानात अशी सोय झाली. आजही हा मॉल आणि स्टार फेरी एकाच उद्योगसमूहाकडे आहेत. म्हणजे एकाच मालकाकडे सगळ्यात महाग दुकानंही आहेत आणि सगळ्यात स्वस्त प्रवासही.

नेथन रोडवर मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. भारतीय चेहरा दिसला की हिंदीत हाका सुरू होतात, “सूट, टेलर, घड्याळ!” सिंधी टेलर ही इथली जुनी ओळख. काही दुकानं एका दिवसात सूट शिवून देतात, पण एक ट्रायल तरी होईल एवढा वेळ दिलेला बरा. इलेक्ट्रॉनिक वस्तू घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. वॉरंटी भारतात चालते का? प्लग तिथला चौकोनी तीन पिनांचा आहे, ॲडॉप्टर मिळतोय का? आणि ज्या मॉडेलचे पैसे दिले तेच खोक्यात आहे का? किंमत न लावलेल्या दुकानात शिरूच नये.

चुंगकिंग मॅन्शन्स आणि पोटाची सोय

नेथन रोडवरच, पंचतारांकित हॉटेलांपासून चार पावलांवर, 1961 सालची 17 मजली चुंगकिंग मॅन्शन्स आहे. खाली मोबाईलची घाऊक दुकानं, पैसे बदलून देणारे, मसाले. वर छोट्या खोल्यांची गेस्ट हाऊसेस आणि लिफ्टसमोर कायमची रांग. वोंग कार-वाय यांच्या 1994 च्या ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ सिनेमामुळे ती जगाला माहीत झाली. मानववंशशास्त्रज्ञ गॉर्डन मॅथ्यूज यांनी इथे राहून अभ्यास केला, तेव्हा गेस्ट हाऊसच्या नोंदींमध्ये त्यांना 129 देशांचे लोक सापडले. आफ्रिकेचे व्यापारी, पाकिस्तानी दुकानदार, भारतीय स्वयंपाकी, आश्रय मागायला आलेले लोक. काही काळ सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत वापरल्या जाणाऱ्या मोबाईलपैकी सुमारे 20 टक्के या एका इमारतीतून गेले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे.

भारतीय पर्यटक इथे येतो तो मुख्यतः डाळ-भातासाठी. चार दिवस नूडल्स खाल्ल्यावर समोशाचा वास आला की पाय आपोआप वळतात. पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे नुकसान. सकाळी ‘चा चान तेंग’मध्ये, म्हणजे आपल्या इराण्याच्या जवळ जाणाऱ्या साध्या हॉटेलात, कडक दुधाचा चहा आणि लोणी घातलेला पायनॅपल बन मिळतो. त्यात अननस नसतो, वरचा पापुद्रा अननसासारखा दिसतो म्हणून हे नाव. टेबल अनोळखी माणसासोबत वाटून घ्यावं लागतं आणि वेटर गोड बोलेल अशी अपेक्षा ठेवू नये. दुपारी डिमसम, संध्याकाळी रस्त्यावरचा अंड्याचा वॉफल.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं. नुसती भाजी मागवली तरी तिच्यावर ऑयस्टर सॉस असू शकतो, म्हणजे कालव्यांचा. सूपमध्ये डुकराच्या हाडांचं पाणी असू शकतं. त्यावर उपाय म्हणजे बौद्ध शाकाहारी हॉटेलं. पारंपरिक बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते. अंडं मात्र विचारून घ्यावं.

जवळच पांढऱ्या संगमरवराची कौलून मशीद आहे. आत्ताची इमारत 1984 ची, पण पहिली मशीद 1896 मध्ये ब्रिटिश फौजेतल्या भारतीय मुस्लिम सैनिकांसाठी बांधली होती. मागच्या कौलून पार्कमध्ये त्या फौजेच्या बराकी होत्या. बाजूच्याच चौकात लाखोंच्या पिशव्या घेऊन लोक जात असतात आणि इथे झाडाखाली म्हातारी माणसं पेपर वाचत बसलेली असतात.

मग किनारा मोकळा राहिला कसा?

हाँगकाँगने दीडशे वर्षं समुद्रात भराव टाकून जमीन वाढवली. बंदर अरुंद होत चाललं. 1990 च्या दशकात नागरिक एकत्र आले आणि 1997 मध्ये, शहर चीनकडे जायच्या अगदी काही दिवस आधी, बंदर संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. 2004 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की अत्यंत निकडीची सार्वजनिक गरज सिद्ध झाल्याशिवाय भराव नाही. 2025 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन छोट्या भरावांची वाट थोडी सोपी झाली, तरी मूळ चौकट टिकून आहे.

पाण्याचं झालं, पण काठाचं काय? 2015 मध्ये ‘अव्हेन्यू ऑफ स्टार्स’ आणि आसपासचा किनारा नव्याने विकसित करायची योजना आली. निविदा न काढता काम शेजारी जमीन असलेल्या बिल्डरसोबतच होणार म्हटल्यावर लोक चिडले. सार्वजनिक किनारा मॉलचं अंगण होईल, ही भीती होती. विरोधानंतर योजनेचा आवाका कमी करण्यात आला आणि 2019 च्या सुरुवातीला हा रस्ता पुन्हा खुला झाला.

आता अडचणीत आहे ती बोट. मेट्रोमुळे रोजचे प्रवासी आधीच कमी झाले होते, 2011 मध्ये हुंग होमच्या फेऱ्या बंद झाल्या, मग 2019 ची आंदोलनं आणि कोरोनाने पर्यटकही गेले. कंपनी तोट्यात गेली. 2023 च्या दरवाढीत आठवड्यातल्या दिवसांचं भाडं निम्म्याहून जास्त वाढलं, पण या वेळी कुणी रस्त्यावर उतरलं नाही. खर्च भागवायला धक्क्यावरची दुकानं भाड्याने देणं आणि जाहिराती यांचाच आधार आहे. सध्या त्सिम शा त्सुईहून सेंट्रल आणि वान चाय या दोनच मार्गांवर बोटी सुटतात. कंपनीचा परवाना 31 मार्च 2033 पर्यंतचा आहे.