दोन क्लब, एक मैदान

फुटबॉल हा गोमंतकाचा खेळ आहे, हे सांगण्यास आता पुराव्याची गरज उरलेली नाही. १८८३ साली शिवोलीत एका पाद्र्याने आणलेला हा चेंडू भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांतून गावोगाव गेला आणि तेथेच रुजला. तथापि ज्या वाड्यावाड्यांच्या चुरशीवर तो पोसला गेला, त्या वाड्यांत आज ११ गडी जमविताना कार्यवाहांची दमछाक होते. तरुण मुले पोर्तुगालचे पारपत्र काढून परदेशाची वाट धरतात, काही बोटीवर चढतात, उरलेल्यांना शिकवणीचे वर्ग सोडवत नाहीत. एकाच गावात दोन क्लब, दोहोंकडे सात-सात, आठ-आठ खेळाडू, आणि मैदान मात्र एकच, अशी अवस्था असताना दोघांनी एक का होऊ नये, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु क्लब म्हणजे दुकान नव्हे. दोन दुकानांचा माल एकत्र करता येतो, दोन वाड्यांचा अभिमान तसा करता येत नाही.

या अभिमानाची किंमत काय, हे आकड्यांत पाहावयाचे असेल तर फार मागे जावयास नको. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीगचे विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेले नाही. धेंपोने ते तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा पटकाविले. २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांचीही वस्ती न भरलेल्या एका राज्याने कलकत्त्याच्या मातब्बर संघांना सहा वर्षे थोपवून धरावे, ही गोष्ट एकट्यादुकट्या क्लबाच्या हातून घडण्यासारखी नव्हती. धेंपोला साळगावकरची आणि साळगावकरला चर्चिलची धास्ती होती, म्हणूनच तिघांचीही धार टिकून राहिली.

पुढे काय झाले? २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि धेंपो व साळगावकर या दोन घराण्यांनी बाहेरच्या एका उद्योगसमूहाच्या साथीने एफसी गोवा हा संघ उभा केला. मैदानावर ज्यांनी एकमेकांना पाण्यात पाहिले ते मालकीत भागीदार झाले. २०१६ साली, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आय-लीगला दुय्यम दर्जा देऊ पाहतो आहे, असा आक्षेप घेऊन साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. एफसी गोवाने कमावलेले यश लहान नाही. २०१९-२० ची लीग शील्ड त्याने जिंकली आणि २०२१ साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. आम्हांसही त्याचा अभिमान आहे. मात्र राष्ट्रीय पातळीवर जेथे तीन-चार गोमंतकीय संघांची मिळून शंभराच्या आसपास पोरे खेळत, तेथे एका संघात तेवढ्यांना जागा कोठून मिळणार? धेंपो २०२४ साली पुन्हा आय-लीगमध्ये आला. मधली आठ वर्षे ज्यांच्या उमेदीची गेली, त्यांना ती कोण परत देणार?

कलकत्त्याचा अनुभव याहून बोलका आहे. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान २०२० साली अवघ्या सहा वर्षांच्या एटीके संघाशी जोडला गेला. मालकीचा ८० टक्के वाटा नव्या धन्याकडे, २० टक्के जुन्या क्लबाकडे. हिरवा आणि किरमिजी रंग राखला गेला, पण नावापुढे एटीके ही अक्षरे आली आणि पाठीराख्यांनी ती उतरविण्यासाठी तीन वर्षे रान उठविले. अखेर २०२३ साली ती उतरली. पैसा मोठा असला तरी नाव त्याहून मोठे ठरले.

येथे फुटबॉलशी संबंध नसलेल्या एका गावाची आठवण होते. तापीकाठचे बुऱ्हाणपूर एकेकाळी मोगलांचे दख्खनेतील ठाणे होते. दरबार गेला, सरदार गेले. १६३१ साली तेथे निवर्तलेल्या मुमताज महलाचे कलेवरसुद्धा आग्र्यास गेले. माग मात्र राहिले, कारण ते दरबारात नव्हते, घराघरांत होते. आज तेथे हातमागाऐवजी यंत्रमाग खडखडतात, एवढाच फरक. आमचे मोठे क्लब खाणींच्या आणि उद्योगांच्या आश्रयाने वाढले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा तो आश्रय किती तकलादू असतो हे गोव्याने पाहिले. वाड्यावरचा क्लब हा आमचा घरातला माग आहे. कोल्हापुरास हे आमच्याआधी उमगले असावे. तेथील तालमींचे संघ आजही शाहू स्टेडियम भरवितात, ते पेठापेठांतील ईर्ष्येच्या बळावर.

म्हणून विलीनीकरण नकोच, असे आम्ही म्हणत नाही. स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस गावी कॅलेडोनियन आणि थिसल हे दोन कट्टर क्लब होते, दोन्ही १८८५ सालचे. राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळावा म्हणून १९९४ साली ते एक झाले. सभांतून कडाक्याची भांडणे झाली, जुने सभासद उठून गेले. आणि २०१५ साली त्याच जोडक्लबाने स्कॉटिश चषक जिंकला. पुढे २०२४ साली तो कर्जापायी प्रशासकाच्या हाती गेला, हेही विसरून चालणार नाही. एकी झाली म्हणून हिशेब आपोआप नीट होत नाहीत. जिनोआच्या सॅम्पदोरियाने १९४६ साली दोन क्लबांचे रंग एकाच सदऱ्यावर आणले आणि नावही दोघांचे जोडून घेतले. असे शहाणपण आमच्याकडे फारसे दिसत नाही; येथे नावाआधी अध्यक्ष कोण हे ठरते.

आमची सूचना साधी आहे. ज्या गावी दोन्ही क्लब मरणपंथास लागले आहेत, तेथे प्रथम १४ वर्षांखालील मुलांचा आणि मुलींचा संघ एकत्र करावा. या वयातील पोरांना वाड्यांचे वैर ठाऊक नसते, ते त्यांना वडीलधारी शिकवितात. वरिष्ठ संघ दोन-तीन वर्षे वेगळे राहू द्यावेत. त्यानंतर सभासदांनी मतदानाने ठरवावे, आणि ठरावात मैदानाचा ताबा, देणी आणि रंग या तिन्हींची नोंद लेखी असावी. गोवा फुटबॉल संघटनेनेही एक गोष्ट करावी: एक झालेल्या क्लबास दोहोंपैकी वरच्या श्रेणीतील जागा देण्याचा स्पष्ट नियम करावा, म्हणजे एकी करणाऱ्यास खाली ढकलले जाण्याची भीती राहणार नाही. आणि मैदान कोमुनिदादच्या जमिनीवर असेल तर त्याचा करार त्याआधीच नव्या नावाने करून घ्यावा. क्लबांची बोलणी चालू असताना शेजारी भराव पडून मैदानच आकसले, तर एकत्र आलेली पोरे खेळणार कोठे?