तबलजी नसेल तेव्हा...

बदलीच्या गावी गेले की मुलांचे गाणे सुटते, अशी अनेक घरांची तक्रार असते. गुरुजी पत्राने, फोनने शिकवतील. पण ठेका कोण धरणार? जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र हे काम करू शकते. मात्र ते कसे निवडायचे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घेतले पाहिजे.

म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटरवर कपिला नदीच्या काठी सरगूर हे गाव आहे. कपिलेचेच दुसरे नाव कबिनी. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात असलेले हे गाव आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. असे चित्र डोळ्यांपुढे आणा, की बँकेतल्या नोकरीमुळे मिरजेचे एक मराठी कुटुंब इथे बदलीवर आले आहे. सामान लागले, शाळा ठरली, दूधवाला ठरला. तेरा वर्षांच्या मुलीची गांधर्व महाविद्यालयाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षेची तयारी मात्र अडली.

‘‘आई, गाणं मी म्हणेन गं, पण तबला कोण वाजवणार?’’

प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नाही. हा प्रांत कर्नाटक संगीताचा. इथे मृदंग ऐकायला मिळेल, पण त्या तालांचा हिशोब वेगळा. तबलजी हवा तर म्हैसूर गाठायचे, म्हणजे येऊन-जाऊन शंभर किलोमीटर. शाळा सांभाळून आठवड्यातून दोनदा हे कुणाला जमणार? मग हळूहळू रियाज रोजचा होता तो रविवारचा होतो आणि रविवारचा होता तो सणावारापुरता उरतो. हे सरगूरलाच घडते असे नाही. गडचिरोलीच्या सरकारी वसाहतीत, भोपाळच्या फ्लॅटमध्ये, अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरातही हेच घडते.

एकट्याने गाताना काय बिघडते?

सुरासाठी तानपुरा लागतो हे सगळ्यांना पटते. तालाचे मात्र ‘हाताने टाळी देऊन भागेल’ असे वाटते. सुरुवातीला भागतेही. हाताने मात्रा मोजणे प्रत्येक विद्यार्थ्याला आलेच पाहिजे. परीक्षेतही ते विचारतात. अडचण अशी, की गाणारा आणि मोजणारा एकच असला की दोघेही एकमेकांना सांभाळून घेतात. अवघड तान आली की हात नकळत थांबतो, सोपी ओळ आली की पळतो. मध्य लयीत सुरू केलेली बंदिश पाच मिनिटांनी द्रुत होऊन बसते आणि गाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून बाहेरचा, निःपक्षपाती असा कुणीतरी लागतो. तबलजी असला तर उत्तमच. तो नसेल तेव्हा यंत्र.

लंबकापासून डब्यापर्यंत

लय मोजणारे यंत्र काही आजचे नव्हे. योहान मेल्झेल याने १८१५ साली मेट्रोनोमचे पेटंट घेतले. घड्याळाच्या लंबकासारखी काडी डावी-उजवीकडे हलते आणि टक् टक् असा आवाज येतो, एवढेच त्याचे काम. त्याला लय कळते, ताल कळत नाही. सोळा मात्रांतली सम कुठली आणि काल कुठला, हे तो सांगू शकत नाही.

तालाचे पूर्ण चक्र वाजवणारी यंत्रे बाजारात आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये ‘साइडमन’ नावाचे यंत्र काढले. ते छोट्या कपाटाएवढे होते; आत एक चकती फिरायची आणि तिच्यावरच्या ठरलेल्या जागा आल्या की ठोके पडायचे. पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप्स आल्या आणि कपाटाचा डबा झाला. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये आणलेले ‘टीआर-८०८’ तर जगभर गाजले. त्यात ठोक्यांची रचना स्वतःची स्वतः भरता येत असे.

या यंत्राची आपल्या मुंबईतही एक गोष्ट घडली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली हे यंत्र आणि सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे तीसेक वर्षांनी ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा परदेशातले संगीतरसिक थक्क झाले. २०१५ मध्ये सिंग यांचे निधन झाले. त्याआधी त्यांना ते कौतुक पाहायला मिळाले.

घरच्या रियाजाचे यंत्र मात्र बंगळूरहून आले. अभियंते आणि बासरीवादक असलेले जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पुढे त्यांच्याच ‘रॅडेल’ कंपनीने तबल्याचे ठेके देणारी ‘तालमाला’ आणली. तानपुऱ्याचा एक डबा आणि तबल्याचा एक डबा शेजारी शेजारी, हे दृश्य मग कितीतरी गाण्याच्या क्लासांत नेहमीचे झाले.

विलायती ड्रम की देशी तबला?

दुकानात गेल्यावर पालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. पाश्चात्त्य धर्तीचे छोटे ‘ड्रम मशीन’ दिसायला झकपक असते, त्यात आवाजही पुष्कळ. मग तेच का घेऊ नये?

गंमत अशी, की अशा यंत्रांत बहुधा सोळा घरे असतात आणि आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळाच. त्यामुळे त्रिताल, केरवा त्यावर बसवता येतात. झपतालासाठी सोळाची दहा घरे करावी लागतात, रूपकासाठी सात. चांगल्या यंत्रात तेही जमते. खरी अडचण आहे ती बोलांची. त्रितालात तिसऱ्या खंडात ‘धिं’चा ‘तिं’ होतो, म्हणजे डग्गा मुका होतो आणि नुसती चाट-शाई बोलते. डग्गा परत घुमला की गाणाऱ्याला कळते, सम जवळ आली. डोळे मिटून गातानाही आवर्तनात आपण कुठे आहोत ते या उजेड-सावलीवरून समजते. ड्रमच्या ठोक्यांत ती सावली आपोआप येत नाही, ती मुद्दाम भरावी लागते.

दुसरी अडचण विलंबित लयीची. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे होते. मिनिटाला पंधरा मात्रा! साध्या मेट्रोनोमची मजल सहसा मिनिटाला चाळीस ठोक्यांच्या खाली जात नाही. भावगीत, सुगम संगीत, गिटार किंवा कीबोर्ड यांच्या सरावाला ड्रम मशीन छान. शास्त्रीय गायनाला आणि सतार, बासरी, हार्मोनियमला इलेक्ट्रॉनिक तबलाच बरा.

घेताना काय पाहाल?

नुसती तालांची यादी पाहून भुलू नका. शंभर ताल असलेल्या यंत्रातले रोजच्या वापरात सात-आठच येतात. त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, दादरा, केरवा, दीपचंदी आणि भजनी ठेका असले की घरच्या रियाजाला पुरे. त्याऐवजी पुढच्या गोष्टी दुकानातच तपासा.

पट्टी : तबल्याचा सूर आपल्या पट्टीत बारकाईने लावता आला पाहिजे. मुली साधारण पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांत गातात, मोठे पुरुष पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांत. घरातले दोघेही गाणार असतील तर दोन्ही टोके लावून पाहा.

लय : सर्वांत कमी लयीवर एकताल लावा. मात्रांच्या मधल्या जागा भरलेल्या आहेत, की एका ठोक्यानंतर शुकशुकाट होतो, ते ऐका.

आवाज : तबला आणि डग्गा यांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला तर सोन्याहून पिवळे. जुन्या यंत्रांत ठोका विजेच्या मंडलांतून कृत्रिमरीत्या तयार होई, त्यामुळे तो डबा वाजवल्यासारखा वाटे. नव्या यंत्रांत खऱ्या तबल्याचे ध्वनिमुद्रित बोल चिपमध्ये साठवलेले असतात. फरक कानाला लगेच कळतो.

वीज : लहान गावात वीज जाण्याची वेळ नेमकी रियाजाचीच असते! बॅटरीवर चालणारे यंत्र घ्या आणि वीज गेली तरी लावलेली पट्टी व लय लक्षात राहते का, हे विचारा.

हेडफोन : सकाळी साडेपाचचा रियाज शेजाऱ्यांनाही आवडेलच असे नाही. हेडफोनची आणि मोठा स्पीकर जोडण्याची सोय हवी.

आता हे सारे मोबाइलवरही मिळते. प्रसाद उपासनी यांचे ‘आय-तबला प्रो’ हे ॲप गायक-वादकांत चांगलेच परिचयाचे आहे. तानपुरा आणि तबला दोन्ही त्यात एकत्र आहेत. आरंभाला हा मार्ग स्वस्त आणि सोयीचा. फक्त फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा येत नाही, त्यामुळे काल आणि सम यांतला फरक पुसट होतो. जोडीला एखादा बरा स्पीकर घ्यावा. रियाजाच्या वेळी फोन-संदेश बंद ठेवावेत, हे वेगळे सांगायला नकोच.

यंत्राशी दोस्ती, गुलामी नव्हे

यंत्र आणले की दुसरे टोक गाठले जाते. मूल त्याच्याशिवाय गातच नाही. मग परीक्षेत किंवा गणेशोत्सवात खरा तबलजी समोर आला, त्याने मध्येच एखादा तुकडा वाजवला, की ते गोंधळते. म्हणून क्रम ठरवून घ्यावा.

आधी यंत्र बंद ठेवून तालाचे बोल तोंडाने म्हणावेत, हाताने टाळी आणि काल दाखवावेत. ते पाठ झाले की यंत्र सुरू करून पूर्ण आवर्तन नुसते ऐकावे, मग बंदिश म्हणावी. लय सुरुवातीला सोसेल इतकीच ठेवावी. चार दिवस चूक झाली नाही तरच एक पायरी चढावी.

यानंतरची एक परीक्षा घरच्या घरी घेता येते. मूल गात असताना आईने किंवा बाबांनी यंत्राचा आवाज पूर्ण बंद करावा. यंत्र चालूच असते, फक्त ऐकू येत नाही. दोन आवर्तनांनंतर आवाज पुन्हा वाढवावा. मूल समेवर असेल तर लय त्याच्या अंगात मुरली. अर्धी मात्रा पुढे गेले असेल तर अजून काम आहे. पालकांना गाण्यातले काही कळत नसले तरी ही परीक्षा घेता येते आणि मुलांना ती खेळासारखी आवडते.

आठवड्यातला एक दिवस मात्र यंत्राविना रियाज करावाच.

मग तबलजींचे काय?

हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. ‘साइडमन’ आला तेव्हा अमेरिकेतल्या वादकांनाही आपल्या पोटाची धास्ती वाटली होती. आपल्याकडेही साथीला बोलावणे कमी झाले, असे वादक म्हणतात तेव्हा ते उगाच नसते. पण दुसरी बाजूही आहे. जिथे तबलजी पोचूच शकत नव्हता, तिथे यंत्राने गाणे जिवंत ठेवले. गाणारी मुले टिकली, तरच पुढे मैफली होतील आणि मैफलीला तबलजी लागेलच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा येऊन चार दशके उलटली, तरी मिरजेचे कारागीर आजही भोपळ्याचे तानपुरे घडवत आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

यंत्र कधी दमत नाही, रागावत नाही, चहा मागत नाही. पण ते ऐकतही नाही. गाणाऱ्याचा श्वास अपुरा पडतोय हे ओळखून किंचित सांभाळून घेणे, सुंदर सम आली की मान हलवून ‘वा!’ म्हणणे, हे त्याला येत नाही. ते माणसाचेच काम.

म्हणून सरगूरच्या त्या घराने यंत्र जरूर आणावे. रोज संध्याकाळी मुलीने त्याच्यासोबत गावे आणि महिन्यातून एकदा म्हैसूरला एखाद्या तबलजीकडे जाऊन बसावे. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे सूर एके काळी म्हैसूरच्या दरबारात घुमले होते. मिरज-म्हैसूर ही वाट गाण्याला नवी नाही. सुट्टीत मिरजेला गेल्यावर क्लासमधल्या तबलजींच्या शेजारी बसून तिने पहिली सम गाठली, की डब्यातल्या तबल्याने आपले काम चोख केले असे समजावे.